‘फायनल फायनल’ नावाची सीडी

मंडळाच्या या वर्षीच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची होती. एक जण म्हणाला, मी कविता लिहितो. एक जण म्हणाली, मी सध्या जी.ए. वाचतेय. माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं : मी गेम खेळते. म्हणजे वाचते पण. मराठी आणि इंग्रजी दोन्ही विषय आहेत, न वाचून सांगता कुणाला. पण रात्री साडेदहानंतर मला शोधायचं असेल तर पुस्तकात शोधू नका. बैठकीत हशा पिकला. सर हसले नाहीत, फक्त ‘अस्सं’ म्हणाले. सरांचं ‘अस्सं’ काय असतं ते मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे.

तर हा लेख त्या ‘अस्सं’ला उत्तर आहे, थोडं उशिरा दिलेलं.

आधी माझ्या मशीनबद्दल दोन शब्द, कारण गेम खेळणाऱ्या माणसाला त्याच्याशिवाय पुढे बोलताच येत नाही. पीयूसीच्या सुट्टीत असेंबल केलेला कॅबिनेट, त्यात सेकंडहँड घेतलेलं १०५० टीआय कार्ड. हे कार्ड २०१६ साली आलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात ते माझ्या आजीच्या वयाचं आहे. पावसाळ्यात आमच्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून खाली एक यूपीएस, तो सहा मिनिटं टिकतो. त्या सहा मिनिटांत मी जे करते ते म्हणजे सेव्ह. ऑनलाइन खेळताना माइक बंद ठेवते. मुलीचा आवाज ऐकला की निम्मे लोक खेळायचं सोडून गप्पा मारायला येतात आणि उरलेले निम्मे शिव्या द्यायला. त्यावर वेगळा लेख होईल, आज नको. आजी मध्येच पाणी प्यायला उठते, दारातून डोकावते आणि विचारते, “काय करालीस गं एवढ्या रात्री?” मी म्हणते, अभ्यास. आजी म्हणते, “अभ्यासात तलवारी असतात व्हय?”

गेम चांगले की वाईट, यात मला शिरायचं नाही. तो वाद पीयूसीपासून इतक्या वेळा ऐकलाय की दोन्ही बाजू मीच बोलून दाखवीन. वेळ जातो हे खरंच आहे. रविवारची सकाळची मिस्सा मी झोपेत काढली आहे, तेही खरं. पण गेमच्या नादी लागून मला एक गोष्ट कळली, जी साहित्याच्या तीन वर्षांत कुणी शिकवली नाही, आणि तीच इथे लिहायची आहे : गोष्टी नाहीशा होतात. जळून, बुडून, दरोडा पडून नाही. कुणी काहीच केलं नाही, म्हणून नाहीशा होतात.

गेम खेळणाऱ्यांना याची धास्ती असते. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम २०१४ साली आला होता. लोकांनी रोख पैसे मोजून घेतला. २०२४च्या ३१ मार्चला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळायचं म्हटलं तरी तो गेम चालेना, कारण प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारल्याशिवाय तो सुरूच होत नसे. विकत घेतलेली वस्तू कपाटात आहे आणि तरीही नाही. त्यावरून युरोपात सह्यांची मोठी मोहीम झाली, दहा लाखांच्या वर सह्या पडल्या. २०२४च्याच ऑक्टोबरपासून स्टीमवर पैसे भरण्याआधी एक ओळ दिसते, तिचा अर्थ एवढाच : तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेताय. निदान आता तोंडावर सांगतात.

अमेरिकेत गेमचा इतिहास जपणारी एक संस्था आहे, व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन. त्यांनी २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१०च्या आधी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच मिळत नाहीत. शंभरातले तेरा फक्त. हा आकडा वाचला तेव्हा मला वाटलं होतं, अरेरे, बिचारे गेम. आपल्या मराठी मासिकांचा असा हिशेब कुणी मांडला तर किती टक्के येतील, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. तो नंतर आला, मंडळाच्या कपाटासमोर उभी असताना.

पण त्याआधी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची गोष्ट सांगते, कारण ती माझी आवडती आहे.

तुमच्या काका-मामांना विचारा, त्यांना हा गेम माहीत असतो. पांढरा पायजमा घातलेला राजपुत्र, तळघर, साठ मिनिटांची मुदत, फरशी खाली गेली की टोकदार सळ्या. जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणाने तो ॲपल टू कॉम्प्युटरसाठी एकट्याने लिहिला, १९८९ साली. राजपुत्राच्या हालचाली इतक्या खऱ्या वाटतात याचं कारण त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावून त्याचा व्हिडिओ काढला आणि एकेक चित्र त्यावरून उतरवून घेतलं. संगीत वडिलांनी दिलं. घरगुती कारभार! पुढे या गेमच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, सिनेमा निघाला, पण मूळ गेमचा सोर्स कोड, म्हणजे लेखकाच्या हातचं मूळ लिखाण म्हणा, कुठेच सापडेना. मेक्नरलाही नाही. मग २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात मागे सरकवलेला एक खोका सापडला आणि त्यात जुन्या मालाबरोबर त्या फ्लॉपी निघाल्या. वीस वर्षांहून जुन्या. फ्लॉपीवरचं चुंबकीय लिखाण काळानुसार विरत जातं, त्यामुळे वाचता येईल की नाही याची खात्री नव्हती. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ हे जुन्या यंत्रांतले दर्दी लोक ती जुनी मशीनं घेऊन आले, फ्लॉपी वाचून काढल्या, आणि मेक्नरने तो कोड सगळ्या जगाला वाचायला खुला केला.

ही गोष्ट मला आवडते, कारण यात कुठलं सरकार नाही, विद्यापीठ नाही. एक बाप, ज्याने खोका टाकून दिला नाही. आणि दोन खुळे, ज्यांनी जुनी यंत्रं मोडीत काढली नाहीत.

आता आमच्या घरची गोष्ट.

माझी आत्या याच कॉलेजची, याच मंडळाची. २००२-०३च्या वार्षिक अंकात तिने आजोबांवर लेख लिहिला होता. आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. रविवारी चर्चमध्ये, बाकी दिवस लग्नांच्या वरातीत. बेळगावातल्या जुन्या लोकांना तो बँड अजून आठवतो. मी चार वर्षांची असताना ते गेले. त्यांचं वाजवणं कुठेही रेकॉर्ड केलेलं नाही. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये असेल, पण तिथे कॅमेरा नवरीकडे, आणि आवाजाच्या जागी नंतर चिकटवलेली सिनेमाची गाणी. म्हणजे आजोबा कसे वाजवत याचा पुरावा एकच : आत्याचा तो लेख.

घरातली अंकाची प्रत २०१९च्या ऑगस्टमध्ये गेली. त्या पावसात काय झालं ते बेळगावकरांना सांगायला नको. पाणी आमच्या घरात गुडघ्यापर्यंत होतं, आणि लोखंडी ट्रंकेतलं सगळं आजीने नंतर उन्हात घातलं तेव्हा अंकाचा एक लगदा निघाला. आत्या मस्कतला असते, तिच्याकडे प्रत नव्हतीच. “मेलं, कॉलेजात असणार की, जातं कुठे,” ती म्हणाली.

कॉलेजात गेलं होतं. ग्रंथालयात वार्षिक अंक बांधून ठेवलेत, पण मधली तीन वर्षं नाहीत. कुणी नेली, बांधायला दिली तेव्हा राहिली की काय, ते कुणालाच माहीत नाही, आणि मला कुणाला दोष द्यायचा नाही. त्या खुर्च्यांवरची माणसं केव्हाच बदलली. मंडळाच्या कपाटात मात्र, स्पर्धांच्या ढाली आणि गॅदरिंगचे उरलेले पताके यांच्याखाली एक सीडी मिळाली. वर मार्करने लिहिलेलं : ‘वार्षिक ०२-०३ फायनल फायनल’.

ज्याने ते दुसरं ‘फायनल’ लिहिलं त्याला मी ओळखत नाही, पण तो माझाच माणूस. मीही माझ्या फायलींना असलीच नावं देते.

पहिली अडचण, सीडी घालायची कुठे? माझ्या कॅबिनेटला ड्राइव्ह नाही, लॅबमधल्या नव्या मशीनना नाही, मैत्रिणींच्या लॅपटॉपना तर नाहीच. शेवटी जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानातून तीनशे रुपयांत एक डीव्हीडी रायटर आणला. सीडी घातली तर तो नुसता घुर्र घुर्र करत राहिला. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते आणि तो थर वर्षांनुवर्षं फिका पडत जातो. त्याहून वाईट म्हणजे चरे. आपण खालची चकचकीत बाजू जपतो, पण माहितीचा थर असतो वरच्या लेबलाच्या बाजूला, आणि आमच्या सीडीवर ढाली ठेवलेल्या वरूनच.

इथे गेमवाले कामाला आले. जुन्या गेमच्या खराब सीडी वाचायला ही मंडळी डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट प्रोग्राम वापरतात. त्याची पद्धत साधी आणि शहाणी आहे. आधी जे सहज वाचता येतं ते पटापट वाचून घ्यायचं, खराब भागाशी भांडत बसायचं नाही. मग मागे येऊन अवघड जागा पुन्हा पुन्हा वाचून बघायच्या, आणि कुठे काय मिळालं याची नोंद एका फायलीत ठेवत जायचं. मध्ये करंट गेला तरी पुढे तिथूनच सुरू. (परीक्षेचा पेपर असा सोडवावा असं सगळे सांगतात. मला ते प्रोग्रामकडून पटलं.) दोन रात्री तो चालू ठेवला. त्या दोन रात्री मी एकही गेम खेळले नाही, हे आजीने नोंदवून ठेवलंय. शेवटी थोडा भाग सोडून बाकी सगळं हाती आलं.

फाइल उघडली. आत इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, डॉलर, असा सगळा कचरा.

ज्यांनी २०१०च्या आधीच्या मराठी फायली पाहिल्यात त्यांना हे ओळखीचं असेल. त्या काळी डीटीपीवाले पेजमेकरमध्ये ज्या फॉन्टनी मराठी लावायचे ते फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजीचं एक अक्षर असायचं, फॉन्ट त्याच्या जागी ‘क’चं चित्र काढायचा, एवढंच. फॉन्ट काढून घ्या, सोंग उतरलं. प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची चित्रांची वाटणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्येही वाचता यायचा नाही. युनिकोडमध्ये मराठीच्या अक्षरांना १९९१पासून स्वतःचे पक्के क्रमांक आहेत, पण ते घराघरातल्या कॉम्प्युटरवर नीट चालायला आणखी बरीच वर्षं गेली. मधल्या काळात जे जे मराठीत टाइप झालं ते असं सोंगात टाइप झालं. दिवाळी अंक, पत्रिका, स्मरणिका, पुस्तकं. सगळं कुठल्या तरी कपाटात कुठल्या तरी ‘फायनल फायनल’मध्ये पडून आहे.

आमचं नशीब, अंक लावणाऱ्या त्या अनोळखी माणसाने सीडीवर फॉन्टसुद्धा टाकून ठेवला होता. मग मी वहीत तक्ता मांडला : या चिन्हाला हे चित्र. एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं, आणि आपली जोडाक्षरं त्यात मावत नाहीत, म्हणून अक्षरांचे तुकडे असतात : अर्धा ‘त’, ‘श’चा काना सोडून उरलेला भाग, रफार वेगळा, उकार दोन उंचींचे. जिग्सॉ पझल खेळल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही गेमपेक्षा मजा आली.

तक्ता झाल्यावर पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला आणि मोठ्या ऐटीत चालवला. पहिल्याच ओळीत सगळ्या पहिल्या वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटलेल्या, काही तर टिंबांच्या वर्तुळावर अधांतरी. कारण जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला दिसतं त्या क्रमाने टाइप करायचं. ‘मिस्सा’ लिहायचं तर वेलांटी आधी, ‘म’ नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम : ‘म’ आधी, वेलांटी नंतर. रफाराचं त्याच्या अगदी उलट. ‘कीर्ती’तला ‘र’ आपण ‘ती’च्या आधी बोलतो, पण रफार डोक्यावर काढतो सगळ्यात शेवटी. तीन वर्षं व्याकरण शिकून मला कधी जाणवलं नव्हतं की आपली लिपी बोलते एका क्रमाने आणि दिसते दुसऱ्या. हे मला एका बिघडलेल्या फायलीने शिकवलं.

वेलांट्या हलवल्या, रफार हलवले, आणि एका शनिवारी संध्याकाळी पडद्यावर आलं : ‘बाबांचं क्लॅरिनेट’. मी आजीला हाक मारली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, म्हणून मीच वाचून दाखवलं. आजोबा वाद्याच्या कळांखालच्या गाद्या झिजल्या की जुन्या हातमोज्याचं कातडं कापून नव्या करायचे. वरातीला निघताना रीड तोंडात भिजत ठेवून सायकल चालवायचे, त्यामुळे वाटेत कुणी ‘काय मास्तर’ म्हटलं तर नुसती मान हलवायचे, आणि लोकांना वाटायचं मास्तरला मोठा गर्व. आजी एवढी हसली, आणि मग उठून देवघराच्या कोनाड्यातल्या क्रूसापाशी जाऊन उभी राहिली. मी पुढचं वाचायची थांबले.

आता माझं म्हणणं.

आपण साहित्यवाले ‘अक्षर म्हणजे जे नष्ट होत नाही ते’ असं भाषणात सांगतो आणि अंक छापून झाला की त्याच्याकडे पाठ फिरवतो. गेमवाल्यांना कुणी संस्कृतीचे रक्षक म्हणत नाही, पण १९९७पासून ते ‘मामे’ नावाच्या प्रोग्रामवर फुकट राबतायत, कशासाठी, तर बंद पडलेल्या व्हिडिओ पार्लरमधली मशीनं आजच्या कॉम्प्युटरवर जिवंत राहावीत. डॉसचे जुने गेम डॉसबॉक्समध्ये चालतात, आणि २०१५पासून इंटरनेट अर्काइव्हवर असे हजारो गेम नुसत्या ब्राउझरमध्ये उघडून खेळता येतात. यात कायद्याची गुंतागुंत आहे, मान्य. सातवी आज्ञा मलाही पाठ आहे, आणि शाळेत असताना चोरून उतरवलेल्या गेमबद्दल मी कन्फेशनमध्ये सांगितलेलंही आहे. (फादरांनी आधी टोरंट म्हणजे काय ते विचारून घेतलं.) जिथे मालक अजून विकतोय तिथे चोरी ही चोरीच. पण जिथे मालकाने वस्तू सोडून दिली, विकतही नाही आणि देतही नाही, तिथे तिची एक प्रत करून ठेवणाऱ्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपण कॅथलिक मराठी वाचकांनी तर नाहीच म्हणू नये. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ आपल्याला पहिल्या वर्षाला आहे. रायतूरला १६१६ साली छापलं, सुमारे अकरा हजार ओव्या, मराठी भाषा पण छपाई रोमन लिपीत. (व्हॉट्सॲपवर ‘kashi ahes’ करणाऱ्यांना मी नेहमी सांगते, तुमच्या आधी चारशे वर्षं एका इंग्रज पाद्र्याने हे करून ठेवलंय, आणि तुमच्यापेक्षा शुद्ध.) १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. एकही नाही! मग आपण वर्गात वाचतो ते कुठून आलं? हाताने उतरवलेल्या पोथ्यांमधून. लोकांनी घरात ठेवल्या, वाचल्या, उतरवून पुढे दिल्या. त्यावरून १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी छापील आवृत्ती काढली, आणि देवनागरीतली एक पोथी लंडनला मार्सडन संग्रहात निघाली. छापखाना हरला, नकला करणारे जिंकले. त्या नकला करणाऱ्यांनी कुणाची लेखी परवानगी घेतली असेल असं मला वाटत नाही.

आणि आपण? आता आपला अंक छापलाही जात नाही, ई-अंक म्हणून पीडीएफ निघते. ती बघायला सुंदर असते, मुखपृष्ठ करणाऱ्यांचं कौतुकच आहे. पण एक प्रयोग करा. मागच्या अंकातलं कुठलंही एक वाक्य निवडून कॉपी करा आणि मैत्रिणीला पाठवा. मी केला. वेलांट्या तुटल्या, जोडाक्षरांच्या मध्ये चौकोन आले, ‘साहित्य’ या शब्दाचीच वाट लागली. डोळ्याला बरोबर दिसतं, पण आत मजकूर मोडका आहे. म्हणजे २००३ सालच्या त्या डीटीपीवाल्याची जी मजबुरी होती ती आपल्याला नसताना आपणही सोंगच छापतोय. त्याने निदान फॉन्ट सोबत ठेवला होता.

बैठकीत मी हे मांडलं तेव्हा दोन आक्षेप आले. एक म्हणजे, जागा कुठे, सांभाळणार कोण? हिशेब केलाय. साठ पानांचा अंक, पानाला दोन हजार अक्षरचिन्हं धरली तर एक लाख वीस हजार. युनिकोडच्या साध्या फायलीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे सगळा अंक साधारण ३६० केबी. पन्नास वर्षांचे अंक १८ एमबी. ‘बाल्डर्स गेट ३’ टाकायला मला १५० जीबी मोकळे करावे लागतात, आणि मंडळाच्या पन्नास वर्षांना १८ एमबी नाहीत? सांभाळायला माणूस लागतो हे मात्र खरं, आणि एकच माणूस असून चालत नाही, कारण तो तिसऱ्या वर्षानंतर निघून जातो. म्हणून एक प्रत ग्रंथालयात, एक मंडळाकडे, आणि ज्याला हवी त्याच्या पेन ड्राइव्हवर.

दुसरा आक्षेप जास्त बरोबर होता. एक सीनियर म्हणाली, “मी एफवायला लिहिलेली कविता कायमची राहावी असं मला वाटत नाही.” सगळे हसले, पण मला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. अजूनही पूर्ण देता येत नाही. लिहिणाऱ्याला आपलं लिखाण मागे घ्यायचा हक्क असायला हवा; कंपनीने माझा गेम मागे घेतला की मला राग येतो, आणि कवीने कविता मागे घेतली तर मी ते चालवून घ्यायचं, हे कसं? पैसे घेतले-नाही घेतले एवढाच फरक का? सध्या मी इथवर आलेय की अंकात लेख घेतानाच विचारावं : साधा मजकूर ठेवू का, कुणी नक्कल केली तर चालेल का. नाही म्हणालं तर नाही. पण आज आपण विचारतच नाही. आपण हरवून टाकतो, आणि हरवणं म्हणजे कुणाच्या इच्छेचा मान ठेवणं नव्हे. त्या सीनियरला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “बघू. पण ती यमकं काढून टाक.”

माझ्या या लेखाची साधी टेक्स्ट फाइल मी संपादकांना पीडीएफसोबत लावायला दिली आहे. त्यांनी लावली असेल तर शेवटच्या पानावर दुवा दिसेल. नसेल तर मला मेसेज करा, मी पाठवते.

आणि एक काम बाकी आहे. सीडीचा जो भाग वाचता आला नाही त्यातला एक तुकडा नेमका आत्याच्या लेखात आलाय. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ती लिहिते की वरात नवरीच्या दारात पोचली की बाकी बँड थांबायचा आणि बाबा एकटे एकच धून वाजवायचे, दरवेळी तीच, लग्न कुणाचंही असो. त्या धुनेचं नाव जिथे आहे तिथे माझ्या फाइलमध्ये नुसती शून्यं आहेत. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, सिनेमातलं गाणं होतं, देव आनंदच्या कुठल्या तरी सिनेमातलं, नक्की. आजी म्हणते, काहीतरी सांगतेय ती, चर्चमधलं मारियेचं गीत होतं, लग्नवाल्यांना कळायचं नाही म्हणून ते वाजवायचे आणि घरी येऊन हसायचे. दोघी आपापल्या मतावर ठाम आहेत, फोनवर त्यावरून थोडं वाजलंसुद्धा. २००२-०३चा छापील अंक कुणाच्या घरी, कुणाच्या ताई-दादांच्या पेटीत असेल तर पान ४१ चा फोटो काढून पाठवा. अनुक्रमणिकेत लेख त्या पानावर दिसतोय.